आता मावशी म्हणायचं

४ जून

ताई,

पोचले. रस्ता इथे संपतो आणि आमची वस्ती सुरू होते. पत्र्याच्या खोल्या, एक कॅन्टीन, एक दवाखाना आणि समोर डोंगर. या डोंगरातून आरपार बोगदा काढायचा. पलीकडून दुसरी टोळी खोदत येणार, अलीकडून आम्ही. अलीकडची सगळी माणसं माझ्या हाताखाली. काल मी पहिल्यांदा खोदाईच्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा सुरुंगवाल्यांनी माझ्या मागे बघितलं, साहेब कुठे आहेत म्हणून.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "बहीण आणि तिचे यजमान." मुंगीचं नाव काढलं नाही. चार वर्षांची मुलगी आहे म्हटलं असतं तर त्यांनी मला आलेल्या बसनेच परत पाठवलं असतं.

तू म्हणालीस म्हणून ती अंघोळीला गेल्यावर निघाले. फाटकापर्यंत तिचं गाणं ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर काय म्हणाली? खरं लिही.

ती दिवा लावून झोपते. दूध वाटीतून पिते, ग्लासातून नाही. रागावली की बोलत नाही, अशा वेळी समजूत घालायला जायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं.

दोन वर्षांचा प्रश्न आहे. काम संपलं की मला शहरातलं ऑफिस मिळेल, मग ती आणि मी. तिच्या बापाने दुसरं घर मांडलं तेव्हाही मी तुझ्याच दारात आले होते. आभार मानले की तू चिडतेस, म्हणून मानत नाही.

छोटी


१६ जून

छोटे,

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. टॉवेल गुंडाळून सगळं घर फिरली. पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं. तुला वाटलं असेल रडली असेल. छे! हसत होती. "आई लपलीय" म्हणाली. जेवायला बसवलं तर दाराकडे तोंड करून, "आता पुरे, ये बाहेर!" तुझे भाऊजी ताटावरून उठले. संध्याकाळी कळलं तिला, मग जे काही झालं ते तू न ऐकलेलंच बरं. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही हं.

आणि हे बघ, रविवारी फोन केलास तसा परत करू नकोस. तू "माझी मुंगी ती, माझी मुंगी" करून फोन ठेवून देतेस आणि ती पुढचे दोन दिवस दाराशी बसते. तुझं बोलून होतं, निस्तरायचं मला. पत्र लिही, मी वाचून दाखवीन.

दिवा आता बंद करून झोपते. दोन रात्री ओरडली, तिसऱ्या रात्री गप्प. दूध ग्लासातून पिते. हे सगळे तुझे लाड होते गं. माझ्या पोटी काही टिकलं नाही, पण मूल कसं वाढवायचं एवढं कळतं मला.

तू निर्धास्त काम कर. एवढी शिकलीस ती काय घरी बसायला?

ताई


२८ ऑक्टोबर

ताई,

फोन करत नाही. रविवारी फोनच्या खोलीकडे पाय वळू नयेत म्हणून त्या दिवशी मुद्दाम आत, तोंडाशी ड्यूटी लावून घेते.

महिन्यापूर्वी आत पाणी फुटलं. खडकातून असं आलं की उभा माणूस आडवा झाला. एक जण गेला. नुकतं लग्न झालेला पोरगा होता. मी बाहेर येऊन त्याच्या घरच्यांना कळवलं आणि परत आत गेले, कारण पंप बंद पडले असते तर बाकीचेही गेले असते. त्या दिवसापासून माणसं माझ्या मागे साहेब शोधत नाहीत.

मोठ्या साहेबांना मुंगीचं कळलं. माझ्या टेबलावर तिचा फोटो दिसला. मला वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "लपवलंत ते बरं केलंत. असंच चालू द्या." आणि फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला. स्वतःच्या हाताने.

सुटी मागायची सोय नाही. मुंगीला फ्रॉक पाठवतेय, खालच्या गावातून मागवला. पिवळा तिला आवडतो. माझ्याबद्दल काही विचारते का?

छोटी


२० जानेवारी

छोटे,

आधी शेवट सांगते, म्हणजे घाबरायला नको. मुंगी आता बरी आहे.

डिसेंबरात ताप भरला तो उतरेचना. मान वळवता येईना तेव्हा हॉस्पिटलात नेलं. पाठीतून पाणी काढलं. तिला धरायला मी, तुझे भाऊजी आणि नर्स, तिघं लागलो. एवढीशी पोर, पण काय जोर! डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. मी अख्खा आठवडा खुर्चीवर बसून काढला. तुला कळवलं नाही. तू तिथे काय करणार होतीस?

एक गोष्ट झाली ती सांगून टाकते, तू दुसरीकडून ऐकायला नको. तापात ती "आई, आई" करायची. कुणीतरी ओ द्यायला नको का? मी दिली. तेव्हापासून मलाच आई म्हणते आणि ह्यांना बाबा. मी काही शिकवलं नाही. आता तोडायला गेलं तर पोर पुन्हा अंथरूण धरेल, म्हणून चालू दिलंय.

फ्रॉक लहान झाला गं. अंगातच गेला नाही. शेजारच्या मुलीला दिला.

ताई


२७ जानेवारी

ताई,

पाठीतून पाणी काढलं आणि मला एक तार नाही, फोन नाही? माझी मुलगी मरायला टेकली होती आणि मी इथे सिमेंटच्या गाड्या मोजत होते! मला सांगायचं की नाही हे तू कोण ठरवणार?

आणि ओ द्यायची होती तर द्यायचीस, पण बरी झाल्यावर तिला सांगायला काय झालं होतं? एक वाक्य लागतं. "मी मावशी आहे." एवढंच.

मी येतेय.

छोटी


५ फेब्रुवारी

छोटे,

तुझं पत्र ह्यांना दाखवलं नाही. त्यांनी तिच्यासाठी महिनाभर बिनपगारी रजा काढली होती, त्यांना लागलं असतं.

कळवलं असतं तर आली असतीस? छातीवर हात ठेवून सांग. तुझ्याच पत्रात आहे, माणूस गेला आणि तू परत आत गेलीस. मी वाचलं आणि म्हटलं, ही यायची नाही. पंप बंद पडतील. तू आली नसतीस आणि जन्मभर ते तुझ्या मानेवर बसलं असतं. मी तुला वाचवलं, छोटे. तुला ते कळत नाही, असू दे.

ये ना. घर तुझंच आहे. पण अंगात जरा ताकद येऊ दे तिच्या. उन्हाळ्यात ये. आणि आलीस की पहिल्याच दिवशी "मी तुझी आई" म्हणून अंगावर जाऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय, मनाला धक्का नको. चार दिवस मावशी म्हणून राहा. पुढचं पुढे बघू.

ताई


२ मे

ताई,

तुझ्या घरून न सांगता निघाले म्हणून रागावली असशील. समोरासमोर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

दार तिनेच उघडलं. किती उंच झालीय. मी खाली बसून हात पुढे केले, तर आत वळून ओरडली, "आई, मावशी आली!" आणि तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "आले गं बाळा." मी हात पुढे करून तशीच बसलेली.

दुपारी ती माझ्या मनगटावरचा घड्याळाच्या पट्ट्याचा व्रण बघत होती. म्हणाली, "मावशी, तुला मुलं नाहीत का?" तू भाजी चिरत होतीस. सुरी थांबली. मला ते ऐकू आलं. मी म्हटलं, "नाही." तर म्हणते कशी, "मग तुला कंटाळा येत असेल."

तू परत भाजी चिरायला लागलीस.

बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, आता रडू फुटेल. फुटलं नाही. हलकं वाटलं, ताई. अंगावरचा ओला कपडा काढल्यासारखं. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुलाच सांगते.

हा बोगदा पुरा व्हायच्या आतच मला पुढचा देऊ करतायत. याच्या दुप्पट लांब, सगळा डोंगर माझ्या ताब्यात. आजवर कुठल्या बाईला दिलेलं नाही. सहा-सात वर्षांचं काम. मूल असलेल्या बाईला ते देणार नाहीत, आणि मूल नाही असं मी परवा तुझ्या स्वयंपाकघरात सांगून आलेच आहे.

दत्तकाचे कागद तू दोनदा सुचवलेस, मी कानाआड केलं. पाठव. सही करते. एकदाच विचारते, शेवटपर्यंत सांभाळशील ना?

छोटी


११ मे

माझी गुणाची छोटी,

विचारतेस काय, वेडे? माझ्या पोटची नसली म्हणून काय झालं, माझ्या मांडीवर ती परत जन्माला आलीय. श्वास असेपर्यंत तिला अंतर देणार नाही.

कागद सोबत आहेत. पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही.

एक सांगू? आता मधूनमधून येऊन तिचं आणि तुझं मन ढवळू नकोस. अर्धी आई होऊन राहण्यापेक्षा पूर्ण मावशी हो. मूल आणि असलं काम, एका बाईच्याने दोन्ही होत नसतं. तू निवड केलीस, आता मागे बघू नकोस.

ताई


९ सप्टेंबर

प्रिय छोटे,

दोन वर्षं होऊन गेली, ना तुझं पत्र ना माझं. पण तुझ्याबद्दल सगळं कळतं हो. बोगद्याच्या बातमीत तुझा फोटो आला होता, डोक्यावर टोपी घातलेला. मुंगीने कापून भिंतीला लावला. "माझी मावशी डोंगर फोडते" म्हणून शाळेत सांगते. सात वर्षांची झाली, नुसतं वारं!

तुला बातमी द्यायची आहे. मला दिवस गेलेत. या वयात! सगळ्या आशा सोडून दिल्या होत्या. पाचवा महिना लागला, एवढे दिवस माझं कधी टिकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. सासूबाई येऊन राहिल्यात.

आणि मुंगीचा पाय जमिनीवर टिकत नाही. परवा शाळेतून धावत आली ती थेट माझ्या पोटावर पडली. सासूबाई किंचाळल्या. मी तिला मारलं, छोटे. आजवर बोट लावलं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. ती तशी बघते म्हणून मी खोलीचं दार लावून घेते, पण असं किती दिवस चालणार?

तेव्हा तिला थोडे महिने घेऊन जा. तिथे मोकळी हवा आहे.

ताई


१७ सप्टेंबर

ताई,

तुझं नीट पार पडो. मनापासून म्हणते.

पण इथे मोकळी हवा नाही, सुरुंगाची धूळ आहे. शाळा नाही. दुसरं एक मूल नाही. मी पहाटे आत जाते ती अंधार पडताना बाहेर येते. आणि तिच्यासाठी मी कोण? भिंतीवरचा टोपीवाला फोटो.

बाई ठेव, नर्स ठेव, पगार मी देते. सासूबाईंना म्हणावं, पोर सात वर्षांची आहे, समजावलं की कळतं. आणि बाळ आलं की ती मोठी बहीण होणार. हे तिला सांगितलंस का? ती किती हरखेल!

मी तिला तुझ्याकडे दिलीय ती परत घ्यायला नाही. माझ्या मनात काही नाही असं समजू नकोस. बरंच आहे. पण तू म्हणालीस मागे बघू नकोस, म्हणून मी मान ताठ धरायला शिकले. आता मान वळवता येत नाही.

छोटी


२५ सप्टेंबर

छोटे,

तुझं पत्र वाचून हे म्हणाले, "सख्खी आई असून असं लिहिते!"

परक्याच्या मुलापायी माझं मूल गेलं तर मी कुणाला जाब विचारू? हा शब्द सासूबाईंचा आहे, माझा नाही. पण रात्रंदिवस कानावर पडला की खरा वाटायला लागतो.

काल तिला जवळ बसवून सांगितलं. मी तुझी आई नाही, मावशी आहे, फोटोतली ती आई. ती खुदकन हसली. तिला वाटलं नवा खेळ आहे. म्हणाली, "बरं, तू मावशी, ती आई, बाबा काका, आणि मी आजी." मी तिला परत सांगितलं. मग हसायची थांबली. म्हणाली, "खेळ संपला की तू परत आई ना?"

मी भिंतीकडे तोंड करून झोपले. डॉक्टरीणबाईंनी मनाला त्रास करून घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय.

शनिवारी हे तिला घेऊन येतील. कागदाचं म्हणशील तर तो मोडता येत नाही म्हणे, पण पोर आईकडे राहिली तर कोण विचारतंय? वकिलांना विचारलंय.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

आली.

भाऊजींनी चहा घेतला नाही. ट्रंक उतरवली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गाडी वळवून येतो." ती ट्रंकेवर बसली. मी म्हटलं, "आत चल." म्हणाली, "बाबा गाडी वळवतायत." ऊन उतरलं तरी बसून. कॅन्टीनवाल्याने बिस्किटं आणून दिली, तर त्यातलं एक बाबांसाठी रुमालात बांधून ठेवलं. शेवटी तिला उचलून आत आणावी लागली. माझ्या दंडावर तिच्या दातांचे ठसे आहेत.

सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. "मूल सोबत असलेल्या माणसाला मी तोंडाशी उभं करू शकत नाही. उद्या काही झालं तर त्याचं काय करू?" माणसाला म्हणाले. बाईला नाही म्हणाले. माझ्या जागी माझ्याच हाताखालचा मुलगा आला. मला ऑफिसात बसवलंय. हजेऱ्या बघते, सुट्यांवर सह्या करते. सुरुंग उडाला की टेबल हलतं, तेवढाच बोगदा माझ्या वाट्याला.

आता दोघींनाही काही राहिलं नाही. तिच्याकडे बघितलं की मला बोगदा आठवतो, आणि ते तिला कळतं असं वाटतं.

तुझी तब्येत सांभाळ.

छोटी


१४ फेब्रुवारी

आई,

बाबांनी फोनवर मावशीला सांगितलं की बाळ आलं. भाऊ आला. मी टाळ्या वाजवल्या.

मी आता धावत नाही. इथे मी रोज हळू चालायची सवय केली आहे. मावशीला विचार. मी बाळाला हात लावणार नाही. लांबून बघीन. मी मोठ्याने बोलणार नाही. माझा पलंग बाळाला दे. मी खाली झोपते. मला जास्त जागा लागत नाही.

तुझ्या पोटावर पडले ते मुद्दाम नाही पडले. मला चित्रकलेत पहिला नंबर मिळाला होता ते सांगायचं होतं.

मावशी चांगली आहे. पण ती माझी कोणी नाही. खेळ आता पुरे. मला न्यायला या.

तुझी मुंगी


३ मार्च

मुंगीस,

तुझं पत्र मिळालं. अक्षर छान आहे, ऱ्हस्व-दीर्घ जरा बघत जा.

बाळ गोरंपान आहे. ह्यांच्यावर गेलंय. तू आता मोठी झालीस, तुला कळायला हवं. यापुढे मला आई नाही, मावशी म्हणायचं. आणि ह्यांना काका. बाळ बोलायला लागेल तेव्हा मला आई म्हणेल, तूही म्हणालीस तर त्याचा गोंधळ होईल. तुझी आई तिथे आहे ती. तिचं ऐकत जा.

तुझ्या खोलीत पाळणा ठेवलाय. खेळणी इथेच राहू देत, बाळाला होतील. शहाण्या मुली पत्रात रडगाणं लिहीत नाहीत. मला अजून अशक्तपणा आहे, पुन्हा उत्तर लिहायला जमेल असं नाही.

तुझी मावशी


१९ मार्च

ताई,

तुझं पाकीट आधी माझ्या हातात पडलं. मी उघडलं, वाचलं. फाडता आलं असतं. "आईला बरं नाही, मग लिहील" असं सांगता आलं असतं. लहान मुलांना असंच सांगतात. मी ते जसंच्या तसं तिच्या हातात ठेवलं.

का, ते लिहिते. माझ्या मनात आलं, हे वाचलं की तिकडे तिचं कुणी उरणार नाही. मग ती माझ्याकडे येईल. आल्यापासून मी तिची वेणी घालते, तिला शिकवते, तिच्या शेजारी बसते, आणि ती रस्त्याकडे बघते. मला आता थांबायचं नव्हतं. मी तिला सरळ सांगितलं, "तिकडनं उत्तर आलंय, वाच." काय लिहिलंय ते मला माहीत होतं.

बोट ठेवून वाचलं. एका ठिकाणी अडली. "रडगाणं म्हणजे काय?" मी अर्थ सांगितला. तिने मान हलवली, शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि कागद माझ्यापुढे धरला.

"हे तुमचं."

मी म्हटलं, "मुंगी, मी आई आहे तुझी."

"बरं," म्हणाली.

तशी काही त्रास देत नाही. सांगेन ते जेवते, सांगेन तेव्हा झोपते, हळू चालते. रस्त्याकडे बघायची थांबलीय. पण आता ती कुणालाच आई म्हणत नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहते, माझं लक्ष जाईपर्यंत.

काल दुपारी ऑफिसात सुट्यांच्या अर्जांवर सह्या चालल्या होत्या. माणसांची रांग होती. मान वर केली तर त्या रांगेत ही उभी. दोन दांडग्या सुरुंगवाल्यांच्या मध्ये. पाळी आल्यावर पुढे झाली आणि त्यांच्यासारखेच हात मागे बांधून म्हणाली, "मॅडम, मला भूक लागलीय."

माणसं हसली. ती का हसतायत हे तिला कळेना. माझ्यापुढे अजून गठ्ठा होता. मी म्हटलं, "जरा थांब. एवढ्या सह्या होऊ देत."

"हो, मॅडम," म्हणाली, आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

छोटी